बिनसहीच्या अग्रलेखाचा धनी कोण?

३१ जानेवारी आली की नांदेड-लातूरच्या वस्त्यावस्त्यांतून 'मूकनायक'ची आठवण काढली जाते. विहारात वंदना होते, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि एखादा वक्ता हमखास सांगतो की, 'मूकनायक'चे सर्वच्या सर्व अग्रलेख बाबासाहेबांच्या लेखणीतून उतरले. सभा टाळ्या वाजवते. परंतु १९२० साली हे पाक्षिक सुरू झाले तेव्हा संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीत राहून संपादक म्हणून नाव लावणे शक्य नव्हते. त्याच वर्षी जुलैत ते अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला गेले. भटकरांच्या नंतर ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप संपादक झाले आणि पत्र १९२३पर्यंत कसेबसे तग धरून राहिले. अग्रलेखाखाली सही नव्हती. मग त्यातला कोणता लेख बाबासाहेबांचा, कोणता भटकरांचा, कोणता घोलपांचा? आणि हे आम्ही कशाच्या आधारावर सांगतो?

हा प्रश्न काढला की आमच्याच काही कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. शत्रूच्या हाती कोलीत कशाला द्यायचे, असे ते म्हणतात. आम्हाला हे म्हणणे पटत नाही. ग्रंथाचा कर्ता कोण आणि तो मजकूर केव्हाचा, हा प्रश्न बाबासाहेबांनी स्वतः आयुष्यभर विचारला. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६च्या ग्रंथात त्यांनी पुरुषसूक्ताची चिरफाड केली. कोलब्रुक, मॅक्स म्युलर यांच्यासारख्या अभ्यासकांची भाषेविषयीची साक्ष काढली आणि हे सूक्त ऋग्वेदात मागाहून आणून बसवलेले आहे, असे दाखवले. मनू हे घेतलेले नाव असून मनुस्मृतीचा खरा लेखक सुमती भार्गव होता, हे त्यांनी नारदस्मृतीच्या आधाराने मांडले. गीतेबद्दल तर ते म्हणाले की, मूळ मजकुराला वेळोवेळी ठिगळे जोडली गेली आहेत. मनूच्या ग्रंथाला लावलेली कसोटी आमच्या पत्रांना लावायची नाही, हा कुठला न्याय? कसोटी एकच असली पाहिजे. ती आमच्या बाजूने निकाल देते की नाही, हे पाहून ती निवडायची नसते.

आता ही कसोटी कोणती, ते सांगतो. जगभर गेली कित्येक वर्षे वादग्रस्त लिखाणाचा लेखक ठरवण्यासाठी शब्दांची मोजदाद केली जाते. यातला सर्वांत गाजलेला खटला संविधानाशीच संबंधित आहे, म्हणून आमच्या वाचकांना तो जवळचा वाटेल. अमेरिकेच्या नव्या संविधानाला जनतेची मान्यता मिळावी म्हणून १७८७-८८ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतून 'पब्लियस' या टोपणनावाने लेखमाला निघाली. एकंदर ८५ लेख झाले. लिहिणारे तिघे होते : हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. पुढे हॅमिल्टन १८०४ मध्ये द्वंद्वयुद्धात मारला गेला आणि बारा लेखांवर दोघांचाही हक्क सांगितला जाऊ लागला. दीडशे वर्षे इतिहासकार भांडत राहिले. दोघेही एकाच पठडीत शिकलेले आणि एकाच बाजूने लिहिणारे. वाक्यांची लांबी मोजून पाहिली, तर हॅमिल्टनचे वाक्य सरासरी ३४.५५ शब्दांचे आणि मॅडिसनचे ३४.५९ शब्दांचे निघाले. यावरून काय ठरणार, कपाळ!

शेवटी मॉस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी मोठे शब्द सोडून दिले आणि बारीकसारीक शब्द मोजले. स्वातंत्र्य, सत्ता, सैन्य हे शब्द विषयाप्रमाणे येतात-जातात. परंतु 'वर', 'कडून', 'सुद्धा', 'जेव्हा' अशा अर्थाचे शब्द लेखकाच्या हातून न कळत पडतात. इंग्रजीतला 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत तीनहून अधिक वेळा वापरत असे, तर मॅडिसन चार हजार शब्दांत जेमतेम एकदा. एक 'व्हाइल' लिही, दुसरा 'व्हिल्स्ट'. अशा कितीतरी शब्दांचा हिशेब एकत्र मांडून १९६४ मध्ये त्यांनी निष्कर्ष काढला की, बाराही लेख मॅडिसनचे असण्याचा संभव प्रचंड आहे. येथे 'संभव' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यांनी साक्षात्कार झाल्याचे सांगितले नाही. शक्यता किती पट, ते आकड्यात मांडले.

ही गोष्ट कोर्टात वावरणाऱ्याला नवी वाटत नाही. आमच्या नांदेडच्या कोर्टाच्या आवारात अर्ज लिहून देणारे बसतात. चार-दोन वर्षे वकिली केलेल्या माणसाला अर्जाच्या दोन ओळी वाचल्या की कळते, हा कोणत्या टेबलावर तयार झाला. एक जण प्रत्येक कलमाची सुरुवात 'येणेप्रमाणे की' अशी करतो. दुसऱ्याला 'सबब'शिवाय वाक्य संपवता येत नाही. तिसरा 'आणि' कधीच लिहीत नाही, 'व' लिहितो. जुन्या मंडळींच्या अर्जांत निजामी अमदानीतली उर्दू अजून डोकावते, कारण १९४८पर्यंत आमच्या या भागाचा कारभार त्या भाषेत चालत होता. पक्षकाराचे नाव, गट नंबर, तारीख हे सगळे बदलते. 'सबब' बदलत नाही. मोजदाद करणारे यापेक्षा वेगळे काही करीत नाहीत. आम्ही अंदाजाने बोलतो, ते गणती करतात एवढाच फरक. पण तो फरक मोठा आहे. कारण गणती दुसऱ्याला तपासता येते.

आपल्याकडे हे काम कोणी केलेच नाही, असेही नाही. धर्मानंद कोसंबींचे नाव आमच्या घराघरांत आहे. त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गणिती. जुन्या नाण्यांची वजने करून त्यांनी इतिहास काढला. भर्तृहरीच्या नावावरचे श्लोक खरोखर किती जुने, हे पाहण्यासाठी त्यांनी सुमारे पावणेचारशे हस्तलिखिते ताडून पाहिली आणि १९४८च्या आवृत्तीत साधारण दोनशे श्लोकच पक्के धरले. बाकीचे शेकडो श्लोक संशयित किंवा उघड उपरे म्हणून वेगळे काढले. ही शैलीची मोजदाद नव्हे, हस्तलिखितांची आहे. पण वृत्ती तीच. थॉमस ट्राउटमन या अभ्यासकाने १९७१ मध्ये कौटिलीय अर्थशास्त्रातील 'च', 'एव' यांसारखे छोटे शब्द मोजले आणि हा ग्रंथ एका हातचा नाही, असे दाखवले. चाणक्याच्या नावाने नीतीचे डोस पाजणाऱ्यांनी हा निकाल कधी वाचल्याचे ऐकिवात नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९८६ मध्ये म. रा. यार्दी यांचा महाभारतावरचा संख्याशास्त्रीय ग्रंथ प्रसिद्ध केला. यार्दी हे आय.सी.एस. अधिकारी. १९४६ मध्येच त्यांनी 'सांख्य' या नियतकालिकात शेक्सपिअरच्या नाटकांचा कालक्रम आकड्यांनी लावण्याचा प्रयत्न केला होता. महाभारतातील अनुष्टुभ श्लोकांतल्या अक्षरांच्या मापनावरून त्यांनी ग्रंथाचे थर वेगळे केले. एका व्यासाने एका बैठकीत सांगितले आणि गणपतीने उतरून घेतले, ही कथा तेवढ्याने निकालात निघते. येथपर्यंत आम्ही त्यांच्याबरोबर आहोत. पण पुढे त्यांनी त्या थरांना वैशंपायन, सूत, सौती अशी नावे दिली. आकडा थर दाखवतो; थराला नाव देत नाही. नाव परंपरेतून आले, आणि परंपरा कोणाच्या हातात होती हे आमच्या वाचकांना सांगायला नको. वादग्रस्त मजकूर ज्याच्याशी ताडायचा, असा त्या माणसाचा निर्विवाद मजकूर हाती नसेल, तर गणिताला कर्त्याचे नाव काढता येत नाही.

'मूकनायक'च्या बाबतीत मात्र आमची बाजू भक्कम आहे. 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ला निघाले आणि १५ नोव्हेंबर १९२९पर्यंत चालले. त्याचे संपादक स्वतः बाबासाहेब होते. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने आपल्याला एकहाती भरावे लागतात, असे त्यांनी त्याच पत्रात लिहून ठेवले आहे. म्हणजे हा त्यांच्या मराठीचा कबूल नमुना झाला. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९९०मध्ये 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' एकाच खंडात छापले. तुलना करायला दोन्ही मजकूर एका पुठ्ठ्यात बांधलेले आहेत! त्यात परिस्थितीनेही आम्हाला एक आयती संधी दिली आहे. जुलै १९२०पूर्वी बाबासाहेब मुंबईत होते, नंतर सातासमुद्रापार. पहिल्या अंकातील 'मनोगत'पासून जुलैपर्यंतचे अग्रलेख एका बाजूला ठेवा, त्यानंतरचे दुसऱ्या बाजूला ठेवा आणि 'आणि', 'व', 'परंतु', 'पण', 'अगर', 'किंवा', 'देखील', 'यास्तव', 'म्हणून' यांची मोजणी करा. जुलैच्या आसपास हात बदलला असेल, तर तो दिसेल. बदलला नसेल, तर लंडनहून मजकूर येत होता का, हे पत्रव्यवहारात शोधावे लागेल. दोन्हीपैकी काहीही निघाले, तरी आजच्यापेक्षा अधिक कळेल.

अडचणी आहेत, त्या लपवून उपयोग नाही. इंग्रजीत छोटे शब्द सुटे असतात. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. 'समाजाकडूनसुद्धा' हा यंत्राला एकच शब्द दिसतो, म्हणून आधी तो फोडावा लागतो. शिवाय त्या काळी 'कांहीं', 'तें', 'नाहीं' असे अनुस्वार देऊन लिहीत. १९६२च्या लेखनविषयक नियमांनंतर ते गेले. पुनर्मुद्रणात कोणी सदिच्छेने 'शुद्ध' केले, की लेखकाची खूण पुसली जाते. छापखान्यातल्या जुळाऱ्याचीही काही सवय असते. आणि मजकूर पुरेसा लांब हवा. चार ओळींच्या स्फुटावरून कोणाचाच हात ओळखता येत नाही.

याहून मोठी अडचण म्हणजे, बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा. चोखोबांचे अभंग अनंतभट्टाने उतरून घेतले, अशी परंपरा आहे. मंगळवेढ्याच्या कुसवाखाली १३३८ मध्ये चिरडून मेलेल्या त्या महार संताला बाबासाहेबांनी आपला 'अस्पृश्य' हा १९४८चा ग्रंथ नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर अर्पण केला. आज त्या अभंगांची मोजणी केली, तर आपल्याला चोखोबा सापडेल, अनंतभट्ट सापडेल, की नंतरच्या कीर्तनकारांच्या वह्या सापडतील? 'चोखा म्हणे' ही मुद्रा शेवटच्या चरणात आहे, म्हणून अभंग चोख्याचा, हे पुरेसे नाही. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव वेगळे, असे शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक'मधून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले, तेव्हा केवढे वादळ उठले होते! भाषेच्या फरकावरचा तो वाद पंडितांनी अभिरुचीने चालवला, मोजणीने नव्हे. आमच्या गायन पार्ट्यांतही हेच आहे. शेवटच्या कडव्यातला 'वामन' काढून दुसरे नाव बसवले, की वामनदादा कर्डकांचे गाणे दुसऱ्याच्या मालकीचे होते. वामनदादा २००४ मध्ये गेले. आता तक्रार करायलाही ते नाहीत.

बाबासाहेबांच्या भाषणांचेही असेच आहे. त्यांच्या मराठी भाषणांचे खंड आपण वाचतो. पण त्यातले बहुतेक शब्द सभेत बसून टिपणाऱ्या वार्ताहराच्या वहीतून आले आहेत. १५ ऑक्टोबर १९५६चे नागपूरचे भाषण 'प्रबुद्ध भारत'ने २७ ऑक्टोबरच्या अंकात छापले. विचार बाबासाहेबांचा, यात तिळमात्र शंका नाही. पण त्यातले 'व' आणि 'आणि' मोजले, तर कदाचित वार्ताहराचा हात निघेल. म्हणून लेख आणि भाषण यांची मोजणी कधीही एकत्र करू नये.

हा बोलणारा-लिहिणारा फरक आमच्या वकिलीत रोज रक्त काढतो. लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातली आमची मावशी पोलिसांना सांगते, 'मी पाणी भरायलो होते, तवा त्यो आला.' कागदावर उमटते, 'सदर इसमाने नमूद ठिकाणी येऊन जातिवाचक शिवीगाळ केली.' कोर्टात ती पुन्हा आपल्या भाषेत बोलते आणि आरोपीचा वकील उभा राहून म्हणतो, 'जबाबात आणि साक्षीत तफावत आहे.' तफावत तिच्यात नसते. तिच्यात आणि लिहून घेणाऱ्या हवालदारात असते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ची दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६पासून लागू आहे. तिच्या कलम ४ मध्ये तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी फिर्यादीला वाचून दाखवणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले आहे. ही तरतूद किती ठाण्यांत पाळली जाते, हे ज्याने त्याने आपल्या तालुक्यात जाऊन पाहावे. एकाच ठाण्यातले पाच वेगवेगळ्या फिर्यादींचे पाच जबाब शब्दशः एका साच्यात असतील, तर ते कोणाच्या तोंडचे आहेत, हे मोजून दाखवता येते. पिचलेल्या माणसाच्या बाजूने हे शस्त्र वापरता येईल, असे आम्हाला वाटते.

न्यायालयासमोर भाषेची साक्ष आली आहे, ती आपल्याच भीमा-कोरेगाव प्रकरणात. २८ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने स्वतंत्र तपास पथक नाकारले. न्या. चंद्रचूड यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात सुधा भारद्वाज यांच्या नावावर दाखवलेल्या एका पत्राचा उल्लेख केला. त्या देवनागरी पत्रात सतरा ठिकाणी खास मराठी धाटणीची रूपे आहेत आणि भारद्वाज मराठी भाषिक नाहीत, हा अर्जदारांचा मुद्दा त्यांनी नोंदवला. बहुमताने वेगळा मार्ग धरला. पण पत्राची भाषाच पत्राविरुद्ध बोलू शकते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनावरून नोंदले गेले. १ जुलै २०२४पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम ३९ मध्ये तज्ज्ञाच्या मताचे क्षेत्र विज्ञान, कला यांच्यापुढे जाऊन 'अन्य कोणतेही क्षेत्र' असे वाढवले आहे. शैलीतज्ज्ञाला दार उघडे झाले. तरीही तज्ज्ञाचे मत हे मतच असते. हस्ताक्षर तज्ज्ञाच्या एकट्या साक्षीवर शिक्षा देताना न्यायालये बिचकतात, तसेच येथेही बिचकावे. कारण हेच शस्त्र उद्या सरकार पक्ष आमच्या तरुणांच्या निनावी पत्रकांवर चालवील.

आता ज्या ठिकाणी ही मोजणी मुळीच लागू पडत नाही, त्याबद्दल. बाबासाहेबांनी संविधान लिहिले नाही, बी. एन. राव यांनी लिहिले, हे तुणतुणे प्रतिगामी मंडळी अधूनमधून वाजवतात. १९९७ मध्ये अरुण शौरींनी त्यावर पुस्तकच रचले. उद्या कोणी संगणक पुढे करून म्हणेल की, आम्ही कलमांचे शब्द मोजले आणि त्यात आंबेडकर सापडले नाहीत. अशा शहाण्याला विचारावे की, कायद्याच्या कलमात राव तरी कुठे सापडतात? कायद्याच्या मसुद्याची भाषा ही मसुदा लिहिण्याच्या रूढीची असते. आपल्या संविधानात १९३५च्या कायद्यातली वाक्येच्या वाक्ये आली आहेत. तेथे शैली मोजली, तर ब्रिटिश पार्लमेंटचा मसुदाकार हाती लागेल. रावांच्या मसुद्यात २४३ कलमे आणि १३ परिशिष्टे होती. मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये दिलेल्या मसुद्यात ३१५ कलमे आणि ८ परिशिष्टे होती, आणि अखेरीस ३९५ कलमे झाली. ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्या प्रत्येकीला सभागृहात उभे राहून उत्तर देणारा माणूस कोण होता, हे घटना समितीच्या कामकाजाच्या इतिवृत्तात नावानिशी छापलेले आहे. ५ नोव्हेंबर १९४८ला टी. टी. कृष्णमाचारी यांनी समितीच्या सात जणांपैकी कोण काय कारणाने हजर नव्हते आणि भार शेवटी कोणावर पडला, ते सांगितले. आणि २५ नोव्हेंबर १९४९ला राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना श्रेय कोणी दिले? बाबासाहेबांनीच. ज्याने भर सभागृहात दुसऱ्याचे श्रेय मोकळेपणाने दिले, त्याचे श्रेय चोरीचे ठरवायला निघालेल्यांना शब्दमोजणीची गरज नाही, इतिवृत्त वाचण्याची आहे. बाबासाहेबांचे एकट्याचे घटनात्मक लिखाण पाहायचे, तर १९४७चे 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन घ्यावे.

भिंतींवर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या वाक्यांचे काय? बाबासाहेबांच्या फोटोखाली वाघिणीच्या दुधाचे वाक्य लिहिताना कोणी खंड आणि पान देत नाही. इंग्रजी भाषेला वाघिणीचे दूध म्हटल्याचे श्रेय तर विष्णुशास्त्री चिपळूणकरांना दिले जाते! एका वाक्याची मोजणी होत नाही. तेथे पान दाखवा एवढेच म्हणता येते. पण अख्खी भाषणे, अख्खी पत्रे बाबासाहेबांच्या नावावर खपवली जातात, तेव्हा मोजणी उपयोगी पडते. धोका आता वाढला आहे. कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. त्यामुळे बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लिखाणावरचा हक्क ३१ डिसेंबर २०१६ला संपला. ग्रंथ स्वस्तात घरोघरी जाण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला, हे चांगलेच झाले. पण ओळी गाळून, ओळी घुसवून छापणाऱ्याला कॉपीराइटची भीती उरली नाही. त्यात आता सांगाल त्याच्या थाटात मजकूर लिहून देणारी यंत्रे आली आहेत. बाबासाहेबांच्या थाटात, त्यांच्या विचाराच्या नेमके उलट असा परिच्छेद पाच मिनिटांत तयार होतो. मूळ मजकुराची पक्की, शासनमान्य, अक्षर न अक्षर ताडलेली प्रत नसेल, तर खोटे ओळखायचे कशावरून? शासनाचे या कामातले धोरण किती मंद आहे, हे डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घ्यावी लागली, यावरून दिसलेच.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'समता', 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' यांचे अंक मूळ अनुस्वारांसह शोधता येईल अशा मजकुराच्या रूपात शासनाने जनतेला खुले करावेत. पानांची नुसती छायाचित्रे नकोत. आणि मोजणीचे काम आमच्याच विद्यार्थ्यांनी करावे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये झाले, नामविस्ताराच्याच वर्षी. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. मराठीचे, संख्याशास्त्राचे आणि संगणकाचे विद्यार्थी तेथे एका छताखाली शिकतात, आणि त्यात आमच्या वस्त्यांतली मुले-मुली मोठ्या संख्येने आहेत. कोर्टात चालते तशी शिस्त पाळावी : कोणते शब्द मोजणार ते आधी लिहून ठेवावे, ज्याचा लेखक ठाऊक आहे अशा लेखांवर पद्धत तपासावी, तेथे ती चुकली तर वादग्रस्त लेखाला हात लावू नये.

सुरुवात 'जनता'पासून केली तर अधिक रंगत येईल. १९३० मध्ये निघालेल्या या पत्राचा संपादकीय भार देवराव नाईक, भास्करराव कद्रेकर, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे अशा अनेकांनी वेगवेगळ्या काळात वाहिला. सहस्रबुद्धे म्हणजे महाडला मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे. यांचे सहीचे लेख मिळवावेत, बिनसहीचे त्यांच्यासमोर ठेवावेत. काही अग्रलेख बाबासाहेबांच्या नावावरून निघून कद्रेकरांच्या किंवा नाईकांच्या नावावर जातील. जाऊ द्यावेत. बाबासाहेबांच्या लिखाणाने कितीतरी खंड भरले आहेत. त्यांतून दहा अग्रलेख कमी झाले तर त्यांची उंची तसूभर उतरत नाही. भटकर आणि घोलप यांच्या नावावर मात्र आज एकही ओळ नाही. एखादा लेख त्यांचा निघाला, तर पुढच्या ३१ जानेवारीला विहारातल्या फलकावर बाबासाहेबांच्या प्रतिमेखाली ही दोन नावेही लिहावी लागतील, आणि वक्त्याला ती पाठ करावी लागतील.